निरोप गेला व्हाया रिसोड

‘वाशीमची लाइन लागत नाही,’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की झोपेतून उठवलं तरी त्याच सुरात म्हणेन. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या आम्हा बायकांना सगळा महाराष्ट्र तोंडपाठ असतो, पाहिलेला मात्र नसतो. अकोल्याचा ऑपरेटर मिळाला की त्याच्याकडे वाशीम मागायचं. तो म्हणणार ‘थांबा’, मग खरखर, मग शांतता. गिऱ्हाईक माझ्यावर खेकसणार, मी अकोल्यावर, अकोला आणखी कुणावर. एकदा एका व्यापाऱ्यानं वैतागून विचारलं, “बाई, हे वाशीम खरंच आहे का कुठं?” मी म्हटलं, “असावं.” त्या दिवशी घरी जाताना मनाशी ठरवून टाकलं, की एकदा जाऊन बघून यायचं.

त्या भाद्रपदात रजा मिळाली. माझी मावसबहीण कुसुम वाशीमला दिलेली आहे, तेव्हा उतरायची सोय होतीच. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी खूप चेष्टा केली. लोक उटीला जातात, महाबळेश्वरला जातात, आणि ही जिथली लाइन लागत नाही तिथं चाललीय, म्हणाल्या. मी कान बंद ठेवले. तेवढं आम्हाला जमतं.

नागपूरच्या गाडीनं सकाळी अकोल्याला उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. स्टँडवर वाशीमची एसटी उभीच होती. खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीला काच नव्हती. शेजारी बसलेल्या पागोटेवाल्या आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “एकल्याच?” (एकट्याच?) मी “हो” म्हटलं. थोड्या वेळानं मागच्या बाकावरच्या बाईनं तेच विचारलं, मग कंडक्टरनं. वाशीमपर्यंत मी हे उत्तर इतक्यांना दिलं, की शेवटी कुणी विचारायच्या आधीच सांगू लागले.

पातूर सोडलं आणि रस्ता डोंगरात शिरला. सागाची झाडं फुलली होती, मळकट पांढऱ्या तुऱ्यांनी डोंगर शेवटपर्यंत भरला होता. घाट उतरल्यावर काळी जमीन सुरू झाली. कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, मधेमधे तुरीचे पट्टे, आणि शेताच्या कडेनं विजेचे नवे खांब. त्यांची तार अजून चकाकत होती. आजोबा म्हणाले, “आमच्या गावात औंदा लाइट आली. पहिल्या रोजी कोणी झोपलंच नाई. बलपाकडे (बल्बकडे) पाहत बसले सारे.” “आणि आता?” “आता काय, जाते अन् येते. पावन्यावानी.”

मालेगावच्या स्टँडवर गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर गाडीखाली शिरला, बाहेर आला, परत शिरला. कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं आणि दुसरी गाडी संध्याकाळी मिळेल असं सांगितलं. मी त्याच्याशी चांगलीच भांडले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, भूक लागली असन तुमाले. तथी आलुबोंडे गरम हायेत.” आमच्याकडे ज्याला बटाटेवडा म्हणतात तो हा आलुबोंडा, पण आकारानं दुप्पट आणि मिरचीनं चौपट. डोळ्यांतून पाणी काढत मी दोन खाल्ले आणि राग कुठं गेला ते कळलं नाही.

हॉटेलच्या बाकावर माझ्यासमोर एक बाई बसली होती. पन्नाशीची, काटक, कडक धुतलेलं हिरवं लुगडं. तिच्यापुढे भाकरीची पुडी उघडी होती, पण ती खात नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, “घ्या बाई, भाकर घ्या. अंबाडीची भाजी हाये.” मी चतकोर घेतली. आंबट, तेलानं माखलेली, लसणीनं खमंग झालेली ती भाजी मला अजून आठवते. भाकरी खाता खाता तिची सगळी हकीकत कळली.

तिचं नाव पंचफुलाबाई. आसेगावची. दुसऱ्याच्या वावरात (शेतात) मजुरी, नवरा वारलेला, आणि एकच मुलगी, सुमन. आपल्या समाजाच्या वसतिगृहात राहून सुमन शिकली आणि मास्तरणीची परीक्षा पास झाली. जिल्ह्याच्या यादीत नावही लागलं. तिच्या नेमणुकीचा कागद पावसानं कुठंतरी अडकून पडला होता, तो त्या दिवशी सकाळी आसेगावला पोचला. उद्या वाशीमच्या पंचायत समितीत हजर व्हायचं. नाही झालं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. सुमन मात्र घरी नव्हती. मामीच्या बाळंतपणासाठी ती केनवडला मामाकडे गेली होती.

“म्हनून मीच निघाली तिले आनाले,” पंचफुलाबाई म्हणाली. “अन् अथी आली तं म्हनतात रस्ता बंद हाये.”

मालेगाव ते केनवडच्या वाटेवर एका नाल्याचं पाणी पुलावरून चाललं होतं. त्या बाजूची एकही गाडी सुटणार नव्हती. केनवडहून रिसोडमार्गे वाशीमला येणारा रस्ता उघडा होता, म्हणजे सुमन वाशीमला येऊ शकत होती. पण यायचं आहे, हे तिला सांगणार कोण?

“फोन करू,” मी ऐटीत म्हटलं. “मी फोनखात्यातलीच आहे.” तिला घेऊन पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसानं हँडल फिरवलं, ऐकलं, आणि अगदी माझ्याच सुरात म्हणाला, “अकोल्याची लाइन लागून नाई राह्यली.” मला त्याच्याशी भांडायची इच्छा होती, पण कुठल्या तोंडानं भांडणार? शिवाय लाइन लागली असती तरी केनवडला फोन होताच कुणाकडे.

पोस्टाच्या पायरीवर एक जैन दुकानदार उभे होते, त्यांनाही कुठंतरी भाव विचारायचा होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “पावर हाऊसमधी जा. वीजखात्याची सोताची तार हाये. त्यायच्या खांबांवरूनच जाते. केनवडलोग (केनवडपर्यंत) बोलतात ते.” आणि दुकानातल्या माणसाला वाट दाखवायला बरोबर दिलं.

पावर हाऊस म्हणजे गावाबाहेर काटेरी तारेच्या कुंपणात गुणगुणणारे लोखंडी डबे आणि एक खोली. खोलीत मोठमोठी बटणं, एक टेबल आणि टेबलावर काळा, हँडलचा फोन. ड्यूटीवर इंगोले नावाचा तिशीतला माणूस होता. पंचफुलाबाई बोलायला लागली तसा तो उठून उभा राहिला, पण फोनला हात लावेना. एका बटणावर दोरीनं एक लाल पाटी लटकावली होती, तिच्याकडे त्यानं बोट केलं.

“मावशी, माणूस खांबावर हाये. काम झालं, खाली उतरलो, असा त्याचा फोन येईपर्यंत या तारेवर दुसरं काही बोलाचं नाई. मी बोलत बसलो अन् तिकून कोनी समजलं का झालं काम, अन् लाइट सोडली, तं तो गेला.”

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, “दोन वाक्यांचं काम आहे हो.” माझ्या बोलण्यात पुण्याचा ट्रंक एक्स्चेंज पुरेपूर उतरला असणार. पंचफुलाबाईच जमिनीवर बसत म्हणाली, “राहू द्या बाई. त्याचीबी माय असन घरी. बसतो आमी.”

बसलो. इंगोलेनं स्टोव्हवर चहा केला. त्या तारेबद्दल मी त्याला खोदून खोदून विचारलं, कारण माझ्या धंद्यातली गोष्ट असूनही ती मला नवीन होती. वाशीम, रिसोड, मंगरूळ, मालेगाव, केनवड, साऱ्या पावर हाऊसना जोडणारी खात्याची खासगी तार, आणि तिच्यावर साऱ्यांचा वाटा. एका ठिकाणी हँडल फिरवलं की जवळपासच्या साऱ्यांकडे घंटी वाजते. कुणाला किती घंट्या, ते ठरलेलं. पण आपली नसली तरी फोन उचलून ऐकायला कुणाची मनाई नाही. मालेगावहून केनवडला सरळ जाणारी तार त्याच नाल्यात खांबासकट आडवी झाली होती. तेव्हा निरोप आता उलट्या वाटेनं जाणार, आधी वाशीम, मग रिसोड, मग केनवड. एवढ्या लांब आवाज पोचत नाही म्हणून प्रत्येकानं आपल्या पुढच्याला सांगायचं. पोचल्याची पावती त्याच वाटेनं परत. आमच्याकडे मुंबईची लाइन बंद पडली की आम्ही नाशिककडून फिरवतो, तेच हे. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

“केनवडच्या पावर हाऊसमधला माणूस गावात जाऊन सांगेल?” मी विचारलं.

“सांगन ना. निरोपाले कोनी नाई म्हनत नाई आमच्या इकडे.”

चहा संपून बराच वेळ झाल्यावर घंटी वाजली. खांबावरचा माणूस उतरला होता. इंगोलेनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, लाल पाटी काढली, एक बटण दाबलं आणि बाहेरच्या डब्यांची गुणगुण वाढली. मग त्यानं वाशीमच्या घंट्या दिल्या. नेमका त्याच क्षणी मंगरूळवालाही तारेवर आला.

“बोला, इंगोले भाऊ.”

“नाई नाई, तुमीच बोला.”

“तुमचं मोठं काम असन. बोला ना.”

“माहं काय, घरगुती हाये. तुमी बोला.”

दोघंही एकमेकांना वाट देत उभे, आणि तार मोकळीच. आमच्याकडे असं कधी होत नाही, आमच्याकडे सारे एकदम बोलतात. शेवटी मीच म्हटलं, “अहो, बोला की कुणीतरी.” मंगरूळवाला बाईमाणसाचा आवाज ऐकून दचकला असावा. त्यानं लगेच वाट दिली.

वाशीम लागलं. इंगोले निरोप सांगणार तेवढ्यात पंचफुलाबाईनं त्याचा हात धरला. “भाऊ, नोकरीचं नोका सांगू.”

“काहून?”

“सारेच ऐकतात ना तारेवर. आपली पोरगी मास्तरीन झाली हे अजून कोनाले मालूम नाई. उद्या सही होऊ दे तिची. लोकायच्या तोंडी गेलं का काहीतरी आडवं येते. कोनी जाऊन सांगन पुढच्याले, कोनी म्हनन, हिले कशी भेटली. लय पाह्यलं मी.”

मी विचारलं, “पण कचेरीचं नाव तरी सांगायला हवं ना? ती वाशीमला येऊन जाणार कुठं?” ती म्हणाली, “कचेरीचं नाव सांगितलं का सारंच सांगितलं. मी स्टँडवर उभी राहतो. रिसोडची गाडी आली का धरतो तिले.” बोलणं चोख होतं. पहिल्या पगारापर्यंत आनंद झाकून ठेवणारी माणसं मी आमच्या चाळीतही पाहिली आहेत, आणि तिला तर तसं करायला आयुष्यभराची कारणं होती. इंगोलेनंही मान डोलावली. मग त्यानं फोनमध्ये सांगितलं, “केनवडले सुखदेव मामाच्या घरी निरोप द्याचा हाये. सुमनले घेऊन उद्या पहिल्या गाडीनं वाशीमले या. तातडीचं हाये. आसेगावचा निरोप.”

वाशीमवाल्यानं विचारलं, “कायले, ते काय सांगू?”

इंगोलेनं पंचफुलाबाईकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

“वाशीमले आल्यावर समजन म्हना,” इंगोले म्हणाला.

निरोप गेला. वाशीमवाला रिसोडला सांगत होता ते आम्हाला बारीक ऐकू आलं, पुढचं नाही. आम्ही फोनकडे बघत बसलो. बाहेर ऊन उतरलं होतं आणि कुंपणावर वेड्या राघूंची रांग बसली होती. घंटी वाजली तेव्हा पंचफुलाबाईनं डोळे मिटले. “पोचला,” वाशीमवाला म्हणाला. “घरी जाऊन सांगितलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतात.” शब्द न् शब्द जसाच्या तसा गेला होता, त्यानं परत म्हणून दाखवला. पंचफुलाबाईनं उरलेली भाकरी काढली आणि तिथंच बसून पोटभर खाल्ली.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघी वाशीमला आलो. स्टँडजवळ तिच्या ओळखीचं एक घर होतं, ती तिकडे गेली. मी कुसुमकडे जेवले, पुरणाच्या पोळ्या होत्या, पण माझं चित्त त्या रिसोडच्या गाडीत होतं. कुसुम म्हणाली, “तू प्रवासाला आलीस की ड्यूटीवर?”

सकाळी चहा घेऊन मी स्टँडवर गेले. पंचफुलाबाई फाटकापाशी उभी होती, नेमणुकीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेला. पंचायत समितीत ती आधीच विचारून आली होती. साहेब दुपारी दौऱ्यावर निघणार होते, त्याच्या आत मुलगी समोर उभी राहायला हवी.

रिसोडची पहिली गाडी आली. माणसं उतरली, टोपल्या उतरल्या, एक बकरी उतरली. सुमन नाही. पंचफुलाबाई गाडीत चढून प्रत्येक बाकाखाली बघून आली, जणू पोरगी लपून बसली असेल. दुसरी गाडी आली, तीही रिकामी झाली. ती नुसती पिशवीची घडी घालत होती आणि उलगडत होती. मला मात्र राहवेना. माझ्या मते दोष तारेतच असणार. पावती खोटी आली असेल, नाहीतर मधल्या कुणीतरी थाप मारली असेल. लाइन कुठं तुटली ते एकेक टप्पा धरून शोधायचं, हे तर माझं रोजचं काम. “चला,” म्हटलं, “आपण वाशीमच्या पावर हाऊसला जाऊ.”

तिथला ऑपरेटर पोरगेलासा होता. कालचा निरोप त्याला पाठ होता. माझ्या सांगण्यावरून त्यानं रिसोडला विचारलं. रिसोडवाल्यानंही निरोप घडाघडा म्हटला आणि पुढे केनवडला विचारलं. थोड्या वेळानं रिसोडमार्गे केनवडचं उत्तर आलं. पोरगेल्या ऑपरेटरनं ते ऐकता ऐकता आमच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला.

“केनवडवाला म्हनते, काल सांजीच निरोप देल्ला. साऱ्या मोहल्ल्यातले लोक जमले. बैलगाडी करून रातीच रिसोडले गेले, पहिली गाडी भेटावी म्हनून. लय रडत होते म्हनते.”

“रडत?” मी विचारलं. “रडत कशाला?”

पंचफुलाबाईला विचारावं लागलं नाही. ती मटकन खाली बसली. “मी मेली म्हनून,” ती म्हणाली. “बाई, त्यायले वाटलं मी मेली.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तातडीनं या. आल्यावर समजेल. साऱ्या मुलखात हे शब्द एकाच गोष्टीसाठी वापरतात. माणूस गेला, हे कुणी निरोपात सांगत नाही. वाटेत माणसाचे पाय गळू नयेत म्हणून कारण पोटात ठेवायचं असतं. आणि कारण सांगितलं नाही की ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं असतं. केनवडच्या माणसांनी रीतीप्रमाणे समजून घेतलं होतं. तारेचा काहीच दोष नव्हता.

“पण मग ती माणसं गाडीत का नव्हती?”

“दवाखान्यात,” पंचफुलाबाई उठली. “दवाखान्यात उतरले असन. वाशीमले बोलावते तं दुसरं कुठी?”

आम्ही टांगा केला. टांगेवाल्याला मी घाई करत होते. नंतर कळलं ते असं, की गाडीत ही मंडळी रडताना पाहून रिसोडच्या कंडक्टरला दया आली. स्टँडवर उतरून एवढं लांब परत कशाला चालायचं, म्हणून त्यानं दवाखान्यासमोरच गाडी थांबवली आणि हात धरून एकेकाला उतरवलं.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातून आम्ही बायकांच्या वॉर्डात गेलो. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, “एक पोरगी सकाळपासून प्रत्येक खाटेवरचं पांघरूण उचलून बघत होती. आसेगावची पंचफुलाबाई इथं आलेलीच नाही, असं आम्ही सांगितलं. मग ती माणसं मागं गेली.” मागं म्हणजे कुठं, ते नर्सबाईंनी सांगितलं नाही, नुसता हात केला.

दवाखान्याच्या मागच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली एक वेगळी खोली होती. दाराला कुलूप. किल्ली असलेला माणूस अजून यायचा होता. पायरीवर सात-आठ माणसं बसली होती, आणि कुलपाला अगदी लागून, दाराला पाठ टेकून एक मुलगी. वेणी सुटलेली, पायात चपला नाहीत. ती रडत नव्हती. रडून झालं होतं तिचं, ती किल्लीची वाट बघत होती.

पंचफुलाबाई थबकली. मी तिला पुढे ढकललं. शेवटी तिनं नुसती हाक मारली, “सुमी.”

मुलीनं मान वर केली. मग उठली, सावकाश चालत आली आणि आईच्या तोंडावरून, खांद्यावरून, हातांवरून हात फिरवला. “माय,” ती म्हणाली, “तू उभी हायेस?” आणि दोन्ही मुठींनी तिला मारायला लागली. दंडावर, पाठीवर, जिथं लागेल तिथं. पंचफुलाबाई मार खात उभी राहिली. मी त्या दोघींच्या इतकी जवळ होते, की मलाही एक बुक्की बसली, आणि मला ती बसली याचं बरंच वाटलं. मी ढसाढसा रडत होते.

सुखदेव मामा पायरीवरून उठले. “अक्का, काय हाये हे? रातभर बैलगाडीत पोरीनं पान्याचा घोट नाई घेतला.”

“नोकरी लागली रे तिले,” पंचफुलाबाई म्हणाली. “आजच हजर व्हाचं हाये.”

“मंग तसं सांगाचं नाई काय?”

“तारेवर सारेच ऐकतात.”

“ऐकू दे ना,” मामा ओरडले. “ऐकू दे ना साऱ्यायले. आमाले काय लाज हाये त्याची? कोनाची चोरी केली पोरीनं?” आणि मग त्यांनाच हुंदका फुटला.

पुढचं सगळं धावतपळत झालं. नर्सबाईंनी सुमनला तोंड धुवायला पाणी दिलं, कंगवा दिला, आणि खिळ्यावरच्या स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. टांगा उभाच होता. मामा आणि बाकीची मंडळी मागून पळत येत होती. रस्त्यावरचे लोक बघत होते, काय झालं म्हणून विचारत होते, आणि मामा पळता पळता साऱ्यांना सांगत होते, “भाची मास्तरीन झाली.” पंचफुलाबाईनं या वेळी त्यांना अडवलं नाही.

पंचायत समितीच्या व्हरांड्यात एक तरुण आपल्या वडलांबरोबर बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची गुंडाळी. यादीतला पुढचा तो होता. जागा कदाचित रिकामी राहील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पंचफुलाबाई ज्याला भीत होती तो हाच, आणि तो तर मान खाली घालून बसलेला एक साधा मुलगा निघाला. साहेब छत्री घेऊन निघायच्या बेतात होते. सुमनचे सुजलेले डोळे पाहून त्यांनी विचारलं, “घरात काही वाईट झालंय का?” सुमन म्हणाली, “नाही साहेब. चांगलं झालंय.” सही झाली. बाहेर आलो तेव्हा बाकावरचे बापलेक उठून चालले होते. पंचफुलाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. त्या मुलासाठी मलाही वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

त्या रात्री सुमन आणि तिची आई कुसुमकडे जेवल्या. कुसुमच्या सासूबाई आधी जरा गप्प होत्या. दवाखान्याची हकीकत ऐकल्यावर त्यांनीच सुमनच्या पानात तूप वाढलं. पुढचे काही दिवस मी वाशीम पाहिलं. बालाजीचं देऊळ, पद्मतीर्थाचं पाणी, बाजारातली सरकीची पोती. हे सगळं लिहिण्यासारखं आहे, पण मला सांगायचं होतं ते सांगून झालं आहे. जाताना सुमन स्टँडवर आली होती. शाळा तिला आवडली होती. मुलं फार गलका करतात, म्हणाली.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. आम्ही ऑपरेटर बायका निरोप किती लवकर लागला, किती स्वच्छ ऐकू आला, याचा फार अभिमान बाळगतो. त्या चार गावच्या माणसांनी तर तुटलेली वाट वळसा घालून पार केली, एक शब्द सांडला नाही, आणि पोचलं मात्र एक मरण. कुणी वाईट वागलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या परीनं माया केली होती. लाल पाटीसाठी थांबणाऱ्या इंगोलेनं केली, रातोरात बैलगाडी जुंपणाऱ्यांनी केली, दवाखान्यासमोर गाडी थांबवणाऱ्यानंही केली. तरी ती पोरगी कुलपाला पाठ लावून बसली होती. भुसावळ येईपर्यंत मला तिचे अनवाणी पाय दिसत होते.

ड्यूटीवर रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. सोलापूरचा अर्जंट कॉल लावून दिला. लाइन ठीक लागली का बघायला आम्ही क्षणभर ऐकतो आणि बाजूला होतो, ‘तीन मिनिटं झाली’ एवढं सांगण्यापलीकडे मधे बोलायची आम्हाला सक्त मनाई असते. पुण्याचा एक तरुण घाईघाईनं म्हणत होता, “आई, मिळेल त्या गाडीनं निघ. हो, ताईच्याच घरी. नाही, आता फोनवर नको, तू ये, आल्यावर सांगतो.” पलीकडे एकदम शांतता झाली. ती शांतता कुठली, ते मला ठाऊक होतं.

मी बटण दाबलं. “अहो,” म्हटलं, “काय झालंय ते आत्ता सांगा त्यांना.”

“कोण बोलतंय?” तो गोंधळला.

“ऑपरेटर. तुम्ही सांगा आधी.”

मग म्हणाला, “आई, ताईला मुलगी झाली. दोघी छान आहेत. तू येऊनच बघावंस म्हणत होतो.”

पलीकडून कितीतरी वेळ नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. तीन मिनिटं झाली तेव्हा मी काही बोलले नाही.